सुट्टीच्या पानावर शेवटच्या गाडीची वेळही छापा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी किंवा उन्हाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांतून सहलीची पाने येतात. महाबळेश्वर, अलिबाग, तारकर्ली, माथेरान. छायाचित्रे सुरेख असतात, मजकूरही वाचनीय असतो. पण तो लिहिताना घर मुंबई-पुण्याला आहे असेच धरलेले असते. "शनिवारी सकाळी निघा, रविवारी रात्री परत" हे वाक्य मेहकर, दिग्रस, आरमोरी किंवा धारणीच्या वाचकाला लागू पडत नाही. आपले राज्य 3,07,713 चौरस किलोमीटरचे आहे. नागपूर ते मुंबई रेल्वेने 837 किलोमीटर होते. सिरोंच्याहून सिंधुदुर्गात जायचे तर हजार किलोमीटर मागे पडतात. एवढ्या मोठ्या राज्यात सामान्य कुटुंबाचा पैसा प्रवेशतिकिटात जात नाही, खोलीतही फारसा जात नाही. तो जातो अंतरात आणि चुकलेल्या गाडीत. म्हणून आमचे म्हणणे असे की विदर्भातल्या खेड्यातून निघणाऱ्या कुटुंबाने "महाराष्ट्र दर्शन" करायला जाऊ नये. एक पट्टा निवडावा, तो नीट पाहावा आणि घरी यावे. हे कसे जमते आणि कुठे फसते, ते सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण शक्य तितके छापावे ही विनंती.

पहिली मर्यादा रात्रींची. शेतकऱ्याच्या घरून सगळे जण तीन रात्रींपेक्षा जास्त बाहेर राहू शकत नाहीत. गोठ्याचे कोण बघणार, दूध कोण काढणार, हरभऱ्यात रानडुकरे आणि रोही घुसतात तेव्हा जागलीला कोण जाणार, हे प्रश्न सहलीच्या कोणत्याच लेखात येत नाहीत. शेजाऱ्याशी आलटून-पालटून गोठा सांभाळण्याचे ठरवले तर तीन रात्री निभतात. चौथी रात्र मागितली की शेजारी नाही म्हणत नाही, पण पुढच्या वर्षी तो कामाला येत नाही. तेव्हा आराखडा तीन रात्री आणि चार दिवसांचाच करावा.

दुसरी गोष्ट हंगामाची. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडतात. त्यामुळे उन्हाळी सुट्टी लांब दिसते, पण चंद्रपूर, अकोला, वर्धा, नागपूर इथे पारा 45 च्या पुढे जातो आणि मृगाच्या आत शेत तयार करायचे असते. मे महिन्यात लेकराबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन उघड्या डोंगरावर किंवा किल्ल्यावर जाणे आम्हाला पटत नाही. दिवाळीची सुट्टी त्याहून बरी. पण दिवाळीचेही दोन भाग करावेत. लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेनंतरच्या पहिल्या रविवारपर्यंत यष्टीत पाय ठेवायला जागा नसते, कारण माहेरवाशिणींची ये-जा असते. काही वर्षी याच दिवसांत हंगामी भाडेवाढही होते. त्याच्या पुढचा, शाळा उघडण्याआधीचा आठवडा धरावा. सोयाबीन निघालेले असते, कापसाचा एक वेचा होऊन गेलेला असतो, हवा चांगली असते आणि गाड्यांत बसायला जागा मिळते. भंडारा-गोंदियाकडच्या धानवाल्यांना मात्र हाच काळ कापणीचा, त्यांना पोळ्यानंतरचे दिवस जास्त सोयीचे.

आता गाडीविषयी. खेड्यातल्या माणसाची सहल मुक्कामी गाडीने सुरू होते आणि मुक्कामी गाडीनेच संपते. रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे तालुक्याला परत जाणारी ही गाडी मिळाली तर आठच्या आत तुम्ही मोठ्या रस्त्यावर असता. परतताना तालुक्याहून तीच गाडी संध्याकाळी कधी सुटते, हे आधी कागदावर लिहून घ्यावे आणि संपूर्ण शेवटचा दिवस त्या वेळेपासून उलटा मोजावा. बहुतेक लोक सकाळपासून पुढे मोजतात आणि तिथेच फसतात. ती गाडी गेली की स्पेशल ऑटो किंवा काळीपिवळी करावी लागते, आणि चार दिवसांत काटकसरीने वाचवलेले पैसे शेवटच्या वीस किलोमीटरला जातात.

आणखी एक गोम आहे. खेड्यापाड्यांच्या कित्येक फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी सोडलेल्या असतात. सुट्टी लागली की त्या बंद होतात आणि गाड्या लांब पल्ल्याच्या जादा फेऱ्यांना लावल्या जातात. म्हणजे नेमके आपण निघतो तेव्हाच रोजची ओळखीची गाडी नसते. आषाढी, शेगावचा प्रकटदिन, मोठी जत्रा अशा वेळीही तसेच होते. फलकावरची वेळ पाहून समाधान मानू नये. निघण्याच्या दोन दिवस आधी आगाराच्या चौकशी खिडकीवर "ही फेरी सुट्टीत चालू आहे का" असे स्पष्ट विचारावे. नुसते "गाडी कितीला आहे" विचारले तर वेळापत्रकातली वेळ सांगितली जाते.

भाड्याचा हिशेब घरी बसून करता येतो. यष्टीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर असते आणि जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला एका टप्प्याचे साधारण दहा रुपये धरावेत. दीडशे किलोमीटर म्हणजे पंचवीस टप्पे, म्हणजे माणशी अडीचशेच्या आसपास. 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना राज्यात अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे, पाचच्या आतल्यांना काहीच नाही. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे, 75 च्या पुढे मोफत. तेव्हा नवरा, बायको, अडुसष्ट वर्षांची आजी, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा अशा पाच जणांत पूर्ण तिकीट एकट्या नवऱ्याचे लागते. दीडशे किलोमीटरला साडेबाराशेऐवजी साडेसातशे रुपये होतात. एका माणसाला दोन सवलती जोडून मिळत नाहीत, म्हणून आजीचे पाव तिकीट होईल अशी आशा ठेवू नये. ज्येष्ठांसाठी वयाचा पुरावा आणि सर्वांसाठी आधार जवळ असावे. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, पुढच्या राज्यातल्या अंतराला पूर्ण भाडे पडते. शहरातल्या महापालिकेच्या बसला तर यष्टीची सवलत मुळीच नाही. नागपुरात उतरल्यावर वाहकाशी वाद घालणारे याच कारणाने घालतात.

"आवडेल तेथे कोठेही प्रवास" हा चार किंवा सात दिवसांचा पास चांगला आहे, पण तो रोज दोन-अडीचशे किलोमीटर फिरणाऱ्या पुरुषाला परवडतो. अर्धे तिकीट असलेल्यांना बहुधा सुटे तिकीटच स्वस्त पडते. आगारात पासाची किंमत विचारावी, टप्प्यांची बेरीज शेजारी मांडावी आणि मगच ठरवावे. पास घेतला म्हणून बसायला जागा मिळतेच असेही नाही.

नमुना म्हणून एक पट्टा पूर्ण मांडतो, कारण चार दिवसांत एवढ्या वेगवेगळ्या काळाच्या गोष्टी एका ओळीत क्वचितच मिळतात. लोणार, सिंदखेडराजा, वेरूळ आणि अजिंठा. इथे वारांचे गणित सगळ्यात महत्त्वाचे. वेरूळ मंगळवारी बंद असते, अजिंठा सोमवारी बंद असतो. लोक शनिवारी वेरूळ, रविवारी अजिंठा असे धरतात आणि दोन्हीकडे गर्दीत सापडतात, किंवा रविवारी पोचून सोमवारी अजिंठ्याच्या बंद फाटकाशी उभे राहतात. याउलट सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा केले की दोन्ही लेणी तुलनेने शांतपणे पाहायला मिळतात आणि छत्रपती संभाजीनगरात शनिवार-रविवारपेक्षा खोलीही सहज मिळते.

म्हणजे निघायचे शनिवारी. मेहकरला उतरून शारंगधर बालाजीचे दर्शन घ्यावे. मूर्ती इतकी घडीव आहे की पोरांनाही थांबून पाहावेसे वाटते. तिथून लोणार सुमारे पंचवीस किलोमीटर. दुपारी लोणारला पोचलात तर लगेच विवरात उतरू नका. ही खळगी जवळपास 1.8 किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे, बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेली. भोवती कडा असल्याने दुपारी आत वारा फिरत नाही आणि हवा कोंडते. उतरताना काही जाणवत नाही, चढताना गुडघेदुखीवाले आणि दमेकरी अर्ध्यात बसतात. पहिल्या दिवशी गावातले दैत्यसूदन मंदिर निवांत पाहावे. बाहेरच्या भिंतींवरचे कोरीवकाम उतरत्या उन्हात फार स्पष्ट दिसते. मुक्काम लोणारलाच करावा.

रविवारी उजाडता उजाडता धार नावाच्या झऱ्याच्या बाजूने खाली उतरावे आणि साडेनऊच्या आत वर यावे. माणशी एक लिटर पाणी सोबत घ्यावे, खाली मिळेल या भरवशावर राहू नये. तळ्याचे पाणी खारे आणि अतिशय अल्कधर्मी आहे, ते तोंडात घेण्याचे नाही आणि मुलांना त्यात उतरू देण्याचेही नाही. अलीकडे पाण्याची पातळी वाढून काठाकडची वाट आणि देवळे पाण्याखाली येण्याचे प्रकार झाले आहेत. कमळजा देवीपर्यंत जाता येते का, हे वरच विचारून घ्यावे. काठाचे जंगल अभयारण्य आहे आणि तिथे बिबट्या असतो, म्हणून पोरांना पुढे पळू देऊ नये. 2020 साली हेच तळे गुलाबी झाले होते आणि त्याच वर्षी त्याला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला. एवढे मुलांना उतरण्याआधी सांगितले तर ती पाण्याकडे नीट बघतात.

लोणारहून सिंदखेडराजा पन्नासेक किलोमीटर. थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर सुलतानपूरला मोठ्या रस्त्यावर येऊन जालन्याकडे जाणारी धरावी. 12 जानेवारी 1598 हा जिजाऊंचा जन्मदिवस आणि लखुजी जाधवांचा राजवाडा हे त्याचे ठिकाण. राजवाडा, लखुजींची समाधी आणि मोती तलाव एवढे पाहायला अडीच तास पुरतात. 12 जानेवारीच्या आसपास इथे अफाट गर्दी असते, कुटुंबासह निवांत पाहायचे तर तो दिवस टाळावा. संध्याकाळी जालना मार्गे संभाजीनगर. तिथे खोली मध्यवर्ती बसस्थानकाच्या पायी अंतरावर घ्यावी. लांबची खोली दोनशे रुपयांनी स्वस्त दिसते, पण पाच माणसांना दोन ऑटो लागतात, तेही रोज जाता-येता, आणि ते दोनशे पहिल्याच सकाळी संपतात. खोलीचा भाव विचारताना जादा गादीचे किती आणि खोली सकाळी किती वाजता सोडावी लागेल, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर. 34 लेण्यांपैकी सगळी पाहण्याचा हट्ट धरला की मुले अकरा वाजता कंटाळतात. आमच्या मते कैलास म्हणजे 16 वे, विश्वकर्मा म्हणजे 10 वे, तीन मजली 12 वे आणि जैन लेण्यांतले 32 वे, एवढी चार पाहावीत आणि प्रत्येकात अर्धा तास बसावे. बौद्ध लेणी 1 ते 12, हिंदू 13 ते 29, जैन 30 ते 34. जैन लेणी जरा दूर आहेत. लेण्यांची तोंडे पश्चिमेला आहेत, त्यामुळे सकाळी त्यांच्यावर सावली असते आणि दुपारनंतर ऊन आत येते. म्हणून सकाळी 10 वे आणि 12 वे लेणे, जेवणानंतर जैन लेणी आणि शेवटी कैलास असा क्रम ठेवला तर कैलास उजळलेला दिसतो. घृष्णेश्वर जवळच आहे. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो आणि सगळ्यांना तोही त्याच दिवशी करायचा असतो. किल्ल्याला शेकडो पायऱ्या आहेत, मध्ये अंधारी वाट आहे. आजी सोबत असेल तर किल्ला सोडून द्यावा किंवा खालूनच पाहावा. दोन्ही रेटल्यावर दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला कोणाचे पाय चालत नाहीत.

अजिंठा शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर, म्हणून मंगळवारी साडेसहाची गाडी. फर्दापूरच्या टी-पॉइंटला उतरायचे. तिथून पुढचे चार किलोमीटर फक्त तिथल्या बसनेच जाता येते, तिचे तिकीट वेगळे. लेण्यांपर्यंत चढ आहे, ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. भाव आधी ठरवावा, जाऊन-येऊन असा. 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांत चित्रे आहेत. बाहेरच्या उन्हातून आत शिरलेला माणूस "काही दिसत नाही" म्हणून मिनिटभरात बाहेर येतो. आत दोन-तीन मिनिटे नुसते उभे राहावे, डोळे सरावतात आणि मग भिंतीतून चेहरे, दागिने, हत्ती एकेक करून पुढे येतात. फ्लॅश मारायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, प्रकाशाने रंग मरतात. दोन्ही लेण्यांना भारतीयांसाठी रोखीने चाळीस रुपये तिकीट आहे आणि पंधरा वर्षांखालच्यांना मोफत. वर सांगितलेल्या पाच जणांचे दोन्ही ठिकाणचे मिळून 240 रुपये झाले. जगभरातून लोक ज्यासाठी येतात ते आपल्या माणसाला दोनशे चाळीस रुपयांत पाहायला मिळते, हे लिहिताना मनापासून बरे वाटते.

दोनच्या सुमारास खाली यावे. बुलडाण्याकडचे लोक घाट चढून अजिंठा गावावरून परततात. अकोला, अमरावती, वर्धेकडच्यांनी मात्र उलट जळगाव गाठावे, तिथून साठेक किलोमीटरवर रेल्वे आहे आणि पूर्वेकडच्या गाड्या भरपूर. या संपूर्ण फेरीचे अंतर मेहकरहून मेहकरपर्यंत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे सुमारे शहात्तर टप्पे. पुरुषाचे साडेसातशे-आठशे, बाकी चौघांचे त्याच्या निम्मे. सगळ्यांचे मिळून बावीसशे ते चोवीसशे रुपयांत प्रवास बसतो.

पूर्व विदर्भातल्यांना एवढे पश्चिमेला येण्याचीही गरज नाही. वर्धा-सेवाग्राम-पवनार ही दोन दिवसांची सहल बहुतेक भाड्याच्या खर्चातच होते. 1936 साली गांधीजी ज्या गावात राहायला आले तिथली बापूकुटी, धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम, वर्धेचे मगन संग्रहालय. चरखा, घाणी, कागद हाताने कसा होतो, हे मुलांना पुस्तकापेक्षा इथे लवकर कळते. रामटेक, खिंडसी आणि मनसर एका दिवसात होतात. नागपुरात दीक्षाभूमी, 1863 चे अजब बंगला संग्रहालय आणि रमण विज्ञान केंद्र. गडचिरोलीचे मार्कंडा देऊळ वैनगंगेच्या काठी आहे, शिवरात्रीची जत्रा टाळून गेलात तर शिल्पे डोळे भरून पाहता येतात. नवेगावबांध, नागझिरा आणि दरेकसाजवळचा हाजरा धबधबा गोंदियावाल्यांच्या दारात आहेत.

ताडोब्याबद्दल स्पष्ट लिहितो. राज्यातले हे सगळ्यात जुने राष्ट्रीय उद्यान, 1955 चे, आणि ते पाहण्यासारखेच आहे. पण सफारीचा दर गाडीमागे असतो आणि जिप्सीत सहा पर्यटक बसतात. चार जणांनी गाडी घेतली तरी पैसे सहांचे जातात. दोन घरांनी मिळून सहा माणसे जमवली तरच परवडते. बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलाची, फेरी गाभ्यापेक्षा स्वस्त पडते. मंगळवारी उद्यान बंद, आणि पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभा बंद. बुकिंगला दिलेले ओळखपत्रच मूळ स्वरूपात न्यावे लागते, झेरॉक्सवर फाटकातून परत पाठवतात. वाघ दिसेलच असे कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडून गाडी घेऊ नये.

चिखलदऱ्याची अडचण वेगळी. विदर्भातले एकमेव थंड हवेचे ठिकाण, अकराशे मीटरच्या आसपास उंची. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी परतवाड्याच्या पुढे घाटात गाड्यांची रांग लागते आणि खोल्यांचे भाव दुप्पट होतात. मंगळवार-बुधवारी तेच धुके, तोच भीमकुंड आणि तोच गाविलगड निम्म्या खर्चात मिळतो. ठिकाणे एकमेकांपासून लांब आहेत, पायी होत नाहीत. स्थानिक जीप दोन कुटुंबांत वाटून घ्यावी. मेळघाटात मोबाइलला रेंज धड नसते, त्यामुळे फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर जाऊ नका. शंभर-पन्नासच्या नोटा दोन वेगवेगळ्या माणसांच्या खिशात असाव्यात. लोणारलाही हेच करावे.

मुक्कामासाठी संस्थाने हा आपल्याकडचा मोठा आधार. शेगावचे भक्तनिवास आणि महाप्रसाद यामुळे कितीतरी कुटुंबांचा एक मुक्काम जवळजवळ फुकटात निघतो. मात्र गुरुवार, रविवार, एकादशी आणि उत्सवाच्या दिवशी खोलीसाठी तिष्ठावे लागते. इतर वारी दुपारीच पोचावे आणि प्रत्येकाचे मूळ आधारकार्ड काढून ठेवावे.

समुद्र पाहायचाच असेल तर आमचे मत मुंबईच्या बाजूने आहे. विदर्भ एक्सप्रेसने रात्रीत मुंबई गाठता येते आणि गिरगाव चौपाटीला तिकीट नाही. कोकणात उतरायचे तर महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर, पुढे यष्टीने रत्नागिरी. गोंदिया ते कोल्हापूर याच प्रवासात एक दिवसाहून जास्त जातो. सात दिवस आणि गोठा सांभाळणारा भाऊ असेल तरच हे करावे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा किनाऱ्यावर मुलांना घेऊन जाऊच नये.

रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी सुटते. 5 मेची गाडी असेल तर 6 मार्चला सकाळी आठला. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ मागितला तर पूर्ण भाडे लागते, न मागितला तर अर्धे. ज्येष्ठांच्या भाड्यातली सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. तो साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्री यांना, तिकिटावर एकटे किंवा दोघेच असतील तरच लागतो. आपण काय करतो, सगळ्या सात जणांचे एकच तिकीट काढतो आणि आजोबांना वरचा बर्थ येतो. आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढावे, एवढ्यानेच काम होते. गावातल्या केंद्रावर तिकीट काढून घेत असाल तर हे केंद्रचालकाला आधी सांगावे.

सात-आठ माणसे असतील तर भाड्याच्या गाडीचा विचार होतो. पांढऱ्या पाटीची ओळखीची गाडी स्वस्तात मिळते, पण खासगी विमा भाड्याने नेलेल्या प्रवाशांना लागू होत नाही. पिवळ्या पाटीचीच घ्यावी आणि रोजचे किमान किलोमीटर, चालकाचा भत्ता, टोल कोणाकडे, हे कागदावर लिहून घ्यावे. समृद्धी महामार्गावरून जाणार असाल तर टायर बघितल्याशिवाय बसू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1418 म्हणजे 2018 सालातला चौदावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर आतून कडक होते. त्यात हवा कमी असेल तर टायर सतत दबतो, तापतो आणि भरधाव वेगात, तापलेल्या काँक्रीटवर फुटतो. हवा सकाळी टायर थंड असताना तपासावी, स्टेपनीचीही. या रस्त्यावर दुचाकीला मुळात परवानगी नाही. चाळीस-पंचेचाळीस जणांची भावकी निघत असेल तर प्रासंगिक करारावर, म्हणजे संपूर्ण गाडी भाड्याने ठरवून, यष्टीच घ्यावी.

शिदोरीने खर्च किती वाचतो ते सांगायला नको, पण ती टिकत का नाही हे सांगतो. पोळ्या आणि दशम्या गरम असताना डब्यात घालून झाकण लावले की आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. त्या सुती कापडावर पसरून पूर्ण गार कराव्यात, मगच बांधाव्यात. दुधातल्या दशम्या, तिखट पुऱ्या, जवसाची कोरडी चटणी, फल्लीदाणे, फुटाणे हे दोन दिवस चालते. ओला ठेचा, ओल्या खोबऱ्याची चटणी, कांद्याची भाजी त्याच दुपारी संपवावी. उन्हाळ्यात निघालात तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा धरून, हे प्रमाण घरातल्या एकाला पाठ असावे. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला त्याचा त्रासच होतो.

आता आपल्याकडे मागणी. येत्या सुट्टीच्या पानावर छायाचित्राखाली चार ओळींची चौकट द्यावी. ठिकाण आठवड्यातून कोणत्या वारी बंद. जवळचे आगार कोणते आणि तिथून शेवटची गाडी कितीला सुटते. सुट्टीत कोणत्या फेऱ्या बंद राहणार. आणि नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर इथून बसला किती टप्पे होतात. आपले जिल्हा वार्ताहर ही माहिती आगारांतून एका दिवसात गोळा करू शकतील. लोणारची खालची वाट चालू आहे की पाण्यात, हे दर महिन्याला एका ओळीत आले तरी लांबून येणाऱ्या कित्येक घरांचा एक दिवस वाचेल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
ग्रामीण वाचनालयातील काही वाचक
ता. मेहकर, जि. बुलडाणा